जालन्याची मोजदाद

सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्यांत एरवी कुणी फारसे फिरकत नाही अशा अभिलेख कक्षांची कुलपे निघाली. जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटील यांचे उपोषण चालू होते आणि निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. कापडात बांधलेली दप्तरे सुटली. खासरापत्रके, पाहणीपत्रके, कुळ नोंदवह्या, शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे, १९५१ चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर आणि गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी वही, हे सारे टेबलावर आले. मोडी आणि उर्दू वाचता येणाऱ्यांना एकाएकी मागणी आली.

आरक्षणाच्या मागणीचा वाद आणि न्याय हा वेगळा विषय आहे. इथे पाहायचे ते त्या कागदांकडे. यातला एकही कागद जात सिद्ध करण्यासाठी लिहिलेला नव्हता. खासरापत्रक शेतसाऱ्यासाठी, प्रवेश-निर्गम शाळेसाठी, आणि जन्म-मृत्यूची वही गावात पटकी किंवा देवीची साथ आली तर वर कळावे म्हणून. ज्याने ती लिहिली त्या माणसाच्या डोळ्यांपुढे उद्याचा तहसीलदार होता, शंभर वर्षांनंतरचा नातू नव्हता. जालन्यासारख्या जिल्ह्यात किती माणसे जन्मली, किती कशाने मेली, किती उपाशी राहिली हे शोधायचे तर याच कागदांतून वाट काढावी लागते, आणि दर पानावर एकच प्रश्न विचारावा लागतो: हे कुणी लिहिले, आणि कुणासाठी?

आजचा जालना जिल्हा निजामाच्या राज्यात औरंगाबाद जिल्ह्याचा पूर्वभाग होता. परतूरचा मुलूख परभणीकडे होता. हैदराबाद संस्थानातली पहिली खानेसुमारी १८८१ ची. राज्याची लोकसंख्या तेव्हा ९८,४५,५९४ भरली. दहा वर्षांनी ती १,१५,३७,०४० झाली. मग १९०१ ची मोजणी आली, मिर्झा मेहदी खान यांच्या देखरेखीखाली झालेली, आणि आकडा वाढायच्या ऐवजी १,११,४१,१४२ वर उतरला. औरंगाबाद जिल्ह्याची घट तर फारच मोठी होती: १८९१ मध्ये सव्वाआठ लाखांच्या वर असलेली वस्ती १९०१ मध्ये ७,२१,४०७ इतकीच उरली. शंभर-सव्वाशे वर्षांनंतर कुणीही हे दोन आकडे शेजारी ठेवले तर मधल्या काळात काय झाले हे सांगावे लागत नाही. १८९९-१९०० चा तो दुष्काळ. विक्रम संवत १९५६ मधला, म्हणून छप्पनचा दुष्काळ.

पण या एक लाखाहून मोठ्या घटीत भुकेने किती गेले, पटकीने किती गेले, आणि बैल विकून वऱ्हाडाच्या किंवा मुंबईच्या वाटेला किती लागले? खानेसुमारी ते सांगत नाही. ती दहा वर्षांतून एका रात्री दिवा धरते. मधल्या अंधारासाठी दररोज लिहिली जाणारी वही लागते.

ही वही निजामाच्या मुलखात विस्कळीत होती, आणि त्याची साक्ष अगदी जवळच मिळते. जालन्याहून देऊळगाव राजा तासाभराच्या अंतरावर आहे. ते वऱ्हाडात, आजच्या बुलढाणा जिल्ह्यात. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली गेले होते आणि तिथे सॅनिटरी कमिशनरचा वार्षिक अहवाल छापला जात असे. जिल्हावार मृत्यू, साथवार मृत्यू, लसटोचणीचे आकडे. भाषा तीच, ज्वारी तीच, लग्नसंबंध इकडून तिकडे. पण सीमेच्या त्या बाजूला मेलेला माणूस छापील तक्त्यात जायचा आणि या बाजूला मेलेला पोलीस पाटलाच्या तोंडी खबरीत राहून जायचा. दोन शेजारी गावांच्या मृत्यूदरांची तुलना करणारा अभ्यासक इथे हमखास फसतो. वऱ्हाडात माणसे जास्त मरत होती असे त्याला वाटते. वास्तविक वऱ्हाडात ती जास्त लिहिली जात होती.

जालन्यात मात्र एक जागा अशी होती जिथे नोंदीला कसूर चालत नसे: छावणी. शहराच्या पूर्वेला १८२७ मध्ये ती बांधली गेली आणि पुढे हैदराबाद कंटिंजंटची पलटण तिथे राहिली. लष्कराच्या डॉक्टरला रोज किती शिपाई आजारी, कशाने, किती बरे झाले, किती दगावले याचा हिशेब वर पाठवावा लागे. कारण साधे होते. तापाने पडलेला शिपाई लढत नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या जालन्यात सर्वांत काटेकोर आरोग्य आकडेवारी कुणाची असेल तर ती सैनिकांची: तरुण, धडधाकट, निवडून घेतलेल्या पुरुषांची. छावणीला लागून वाढलेल्या सदर बाजारातल्या बाया, पोरे, हमाल, कोष्टी यांची तशी मोजदाद नव्हती. १९०३ मध्ये पलटण हलली, छावणी ओस पडली आणि तो काटेकोर हिशेबही तिच्याबरोबर गेला. सदर बाजार राहिला. जालना शहराची १९०१ ची लोकसंख्या २०,२७० होती, एवढे आपल्याला ठाऊक आहे. त्या वर्षी शहरात किती मुले पहिल्या वाढदिवसापर्यंत पोचली, याला उत्तर नाही.

रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ वसवलेली बेथेल ही ख्रिस्ती वसाहत आणखी एक छोटे बेट. चर्चच्या रिवाजाप्रमाणे बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद नावानिशी होते. इतर समाजात तीर्थोपाध्यायांच्या वह्या होत्या. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरी कुणी गेले की घराण्यातली नावे उतरवून घेतली जात. पण तिथे सहसा पुरुषांची नावे, आणि तीही जाऊ शकणाऱ्या घरांची.

गावातली नोंद कशी होत असे? खबर आणायचा कोतवाल, म्हणूनच महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आजही त्या जुन्या वहीला कोतवाल बुक म्हणतात. लिहायचे पाटील किंवा पटवाऱ्याने. रकाने थोडे: तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी, मृत्यू असेल तर कारण. निजामी कागदांवर साल फसली असे. १३१० फसली दिसले की ५९० मिळवायचे आणि १९०० च्या आसपास पोचायचे. महिन्यांची नावेही आजूर, दै, बहमन अशी. कारणाच्या रकान्यात पटकी, देवी, प्लेग ही नावे स्पष्ट येत, कारण ती ओळखायला डॉक्टर लागत नसे आणि सरकारला भीती त्यांचीच होती. बाकी सगळे ‘ताप’. हिवताप ताप, विषमज्वर ताप, बाळंतरोगाने गेलेली बाई तापच, क्षयाने झिजलेला माणूसही तापच. जुन्या मृत्यूनोंदींत ‘ताप’ हा शब्द इतक्या वेळा येतो की वाचणाऱ्याने त्याचा अर्थ ‘कळले नाही’ असाच घ्यावा.

आणि बारशाच्या आधी गेलेले मूल? ते जन्माच्या पानावरही नसे आणि मृत्यूच्याही. नाव ठेवले नाही, तर लिहायचे काय. मराठवाड्यात पाचवीच्या रात्री बाळाच्या उशाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सटवाई येऊन नशीब लिहून जाते, ही श्रद्धा. हजारो मुलांच्या बाबतीत त्यांच्यासाठी ठेवला गेलेला तेवढाच एक कागद होता, आणि तो कोराच राहिला. जन्मानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांतले मृत्यू ही बालमृत्यूंतली सर्वांत मोठी राशी असते, हे आज आरोग्यशास्त्र सांगते. जुन्या वह्या नेमक्या तिथेच गप्प आहेत.

१९१८ ची इन्फ्लूएंझाची साथ लोकांनी ‘मानमोडी’ म्हणून लक्षात ठेवली. तिचे मोजमापही पुन्हा खानेसुमारीनेच, तीन वर्षे उशिरा केले: १९११ मध्ये १,३३,७४,६७६ असलेली हैदराबादची लोकसंख्या १९२१ मध्ये १,२४,७१,७७० झाली. नऊ लाखांची घट. गावागावांत तेव्हा सरणाला लाकूड पुरत नव्हते, असे म्हातारी माणसे सांगत. वहीत मात्र बहुतेक ठिकाणी पुन्हा तोच ताप.

वयाचा गोंधळ तर वेगळाच. जुन्या जनगणनेच्या तक्त्यांत तीस, चाळीस, पन्नास वर्षांच्या माणसांची गर्दी असते आणि एकोणतीस-एकतीसची माणसे जणू नसतातच. लोक वय वर्षांत मोजत नव्हते. ‘छप्पनच्या दुष्काळात रांगत होतो’, ‘मानमोडीत आई गेली तेव्हा दात पडायला लागले होते’, पुढच्या पिढीत ‘रझाकाराच्या वेळी’ आणि ‘बहात्तरच्या दुष्काळात’. प्रगणकाने त्यावरून जवळचा गोल आकडा टाकायचा. शाळेने यावर आपला तोडगा काढला. पहिलीत नाव घालायला आलेल्या पोराचा जन्मदिनांक ठाऊक नसला की गुरुजी १ जून लिहीत. शाळा जूनमध्ये सुरू होते, सहा वर्षे पूर्ण भरतात, प्रश्न मिटला. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो तो असा. निवृत्तीच्या याद्या आणि निवडणुकीतली वये, सगळी त्या गुरुजींच्या टाकावर उभी आहेत.

पोलीस कारवाईनंतर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. मधल्या १९५१ च्या जनगणनेच्या स्लिपांवरून गावोगावचे राष्ट्रीय नागरिक रजिस्टर उतरवले गेले. जनगणनेचा नियम असा की माणसाची माहिती आकड्यात विरघळते, नाव बाहेर येत नाही. १९५१ चे रजिस्टर हा त्या नियमाला अपवाद: घरनिहाय, नावानिशी यादी. म्हणूनच २०२३ च्या शोधात ते हवे होते. उलट २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयामुळे घराघरांत पोचलेले हैदराबाद गॅझेटियर हा दुसऱ्या जातीचा दस्तऐवज आहे. तिथे जिल्ह्यात अमुक जातीचे इतके लोक असा एकत्रित आकडा मिळतो. त्यांत आपला पणजोबा होता की नाही हे त्या पानावरून कळत नाही. एका कागदात नावे आहेत आणि दुसऱ्यात बेरजा; एकाचे काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेले की मध्ये गाव-पातळीवरची चौकशी घालावीच लागते.

जन्म-मृत्यूची नोंद देशभर एकसारखी सक्तीची झाली ती १९६९ च्या कायद्याने. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. घटना घडल्यापासून २१ दिवसांत खबर, गावात ग्रामसेवक हा निबंधक, वर जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग, आणि सर्वांत वर पुण्यातले आरोग्य माहिती व जीवनविषयक आकडेवारी कार्यालय. कोतवालाची तोंडी खबर आता नमुना १ आणि नमुना २ मध्ये भरायची. कागद सुधारला. पण मृत्यूची नोंद करायला लोक धावले ते जमिनीवर वारस लावायला, विम्याला, पेन्शनला. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती, म्हणजे बहुतेक बाया आणि सगळी लहान मुले, त्यांची नोंद करायची घाई कुणालाच नव्हती. दप्तरातली ही चाळणी कायद्याने नाही, सात-बाऱ्याने लावलेली होती.

मग १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला, आणि आकडेवारीच्या दृष्टीने एक विचित्र गोष्ट घडली. त्या वर्षीची जनगणना १ मार्च १९८१ ही संदर्भ तारीख धरून झाली होती, दोन महिने आधी. त्यामुळे १९८१ च्या छापील तक्त्यांत जालना नावाचा जिल्हा नाहीच. औरंगाबादमधून आलेले जालना, भोकरदन, जाफराबाद, अंबड आणि परभणीतून आलेले परतूर यांचे आकडे वेगवेगळ्या जिल्ह्यांच्या पानांवर विखुरलेले. जिल्ह्याचा स्वतःचा पहिला आकडा १९९१ चा: १३,६४,४२५. त्यामागचे जालना हवे असेल तर अभ्यासकाला तालुके जोडून तो जिल्हा कागदावर स्वतः उभा करावा लागतो. आणि पुढे मंठा, घनसावंगी, बदनापूर हे तालुके वेगळे निघाल्याने ती शिवणही पुन्हा उसवावी लागते.

ही कारकुनी अडचण वाटेल, पण तिची किंमत रुपयांत असते. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील प्रादेशिक असमतोल सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये अनुशेष मोजला तो जिल्ह्यांच्या तुलनेतून: रस्ते, सिंचन, शाळा, आरोग्य. राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये, त्यात मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी. ‘अनुशेष’ हा शब्द तेव्हापासून मराठवाड्याच्या राजकारणात रोजच्या बोलण्यातला झाला. समितीचे खरे मोठेपण हे की तिने गाऱ्हाण्याला तक्ता दिला. आमच्याकडे दवाखाना नाही, हे वाक्य भाषणातून उचलून खाटांच्या संख्येत मांडले की मुंबईला ते टाळणे जड जाते.

२००२ मध्ये महाराष्ट्राचा पहिला मानव विकास अहवाल आला आणि जालन्याला आपली जागा दिसली. मुंबई १ धरली तर जालना ०.२७; ३५ जिल्ह्यांत खालून तिसरा, त्याखाली यवतमाळ आणि गडचिरोली. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण अभिमानाने सांगणाऱ्या शहराला तो धक्का होता. बियाण्यांच्या कंपन्या, पोलादाचे कारखाने, मोसंबीचे मळे असलेला जिल्हा तळाला कसा? एक उत्तर अहवालाच्या पद्धतीतच होते. शाळा, उत्पन्न आणि बालमृत्यू एकत्र मोजले की शहरातल्या बाजारपेठेची चमक भोकरदन-परतूरच्या वाड्यावस्त्यांत विभागली जाते. २०११ च्या जनगणनेतही जिल्ह्यातले जवळजवळ ८० टक्के लोक खेड्यांत होते. २०१२ च्या दुसऱ्या अहवालात जालन्याचा निर्देशांक ०.६६३ दिसतो. तो पाहून जिल्हा दहा वर्षांत दुपटीहून पुढे गेला असे कुणी म्हणू नये. निर्देशांक काढण्याची रीत बदलली होती.

त्याच २००१-०२ च्या सुमारास मुलांच्या मृत्यूंवरून राज्यात खळबळ उडाली होती. डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला आणि सरकारी दप्तरात न आलेले बालमृत्यू गावात बसून मोजून दाखवले. इकडे मराठवाड्यात वैजापूर तालुक्यातल्या भादली गावातल्या बालमृत्यूंनंतर विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांनी अंगणवाड्यांतल्या वजनकाट्यांकडे लक्ष वळवले. तीव्र कुपोषणाच्या श्रेणी ३ आणि ४ मधली मुले कागदावर कमी दिसावीत हा आजवरचा रोख होता. तो उलटवून, आधी खरी संख्या वर येऊ द्या, वाढलेल्या आकड्यासाठी कुणाला शिक्षा होणार नाही, असा निरोप गेला. यातूनच मार्च २००५ मध्ये औरंगाबादला मुख्यालय असलेले राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले. मराठवाड्याच्या आरोग्य-आकडेवारीच्या इतिहासातले सर्वांत धाडसी पाऊल कोणते असे विचारले, तर खराब आकडा लिहिणाऱ्या बाईला अभय देणे, हेच नाव घ्यावे लागेल.

आज जालन्यातल्या एखाद्या गावात ही आकडेवारी कशी तयार होते? आशाताई घरोघर फिरून जननक्षम जोडप्यांची यादी ठेवते. पाळी चुकल्याचे सुनेने सासूला सांगायच्या आधी आशाताईला कळलेले असते, कारण बारा आठवड्यांच्या आत गरोदर मातेची नोंद व्हावी हा दंडक आहे. ती नोंद उपकेंद्रातल्या सिस्टरच्या रजिस्टरमध्ये, तिथून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या संगणकावर, तिथून जिल्ह्याला आणि दिल्लीला. अंगणवाडीताई त्याच बाईची नोंद पोषण आहारासाठी वेगळी करते, २०२१ पासून मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये. ग्रामसेवक त्याच मुलाचा जन्म तिसऱ्या ठिकाणी नोंदवतो. एक मूल, तीन दप्तरे, आणि बेरजा क्वचितच जुळतात.

न जुळण्याचे एक कारण आपल्या रिवाजातच आहे: पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात जाफराबादची सून माहेरी सिल्लोडला जाते. गरोदरपण इथल्या वहीत, बाळंतपण तिथल्या. कायद्याप्रमाणे जन्म जिथे घडला तिथे नोंदवायचा. म्हणून जालना शहरात गांधी चमन येथे जे स्त्री रुग्णालय आहे, तिथल्या जन्मांमुळे शहराचा जन्मदर फुगतो आणि बदनापूर-मंठ्याच्या गावांचा खालावतो. नमुन्यात आईच्या राहत्या गावाचा रकाना यासाठीच आहे. तो भरताना घाई झाली की तालुक्याचा दर चुकतो.

नोंदींवर भरवसा कमी, म्हणून पाहण्या आल्या. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने चालवलेली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी १९९२-९३ पासूनची. पण जिल्ह्याचे आकडे तिने दिले ते २०१५-१६ च्या चौथ्या फेरीपासून. तोवर जिल्ह्यांसाठी वेगळी पाहणी होती. पाचव्या फेरीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या विवाहित-अविवाहित स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. जालन्याचे प्रमाण त्याहून बरेच वर आहे. ग्रामपंचायतीच्या कुठल्याही वहीत हा आकडा सापडला नसता, कारण बालविवाहाची नोंद कुणी आपल्या हाताने करत नाही. अनोळखी प्रगणक बाईने घरात बसून विचारले म्हणून तो बाहेर आला. देशात सरासरी जिल्ह्यामागे नऊशेच्या आसपास घरे अशा पाहणीत येतात. बालविवाह, दवाखान्यातली बाळंतपणे, लसीकरण यांसाठी तेवढी घरे पुरतात. अर्भकमृत्यूंसारख्या तुलनेने दुर्मीळ घटनेला पुरत नाहीत. नमुना नोंदणी पद्धतही राज्यापाशीच थांबते. तिने २०२० साठी महाराष्ट्राचा अर्भकमृत्यूदर हजारी १६ दिला, तर कुटुंब आरोग्य पाहणीने २३.२. जालन्याचा किती? त्याला भरवशाचे थेट उत्तर नाही. जवळजवळ वीस लाख माणसांच्या जिल्ह्यात, एकविसाव्या शतकात, पहिल्या वर्षात किती मुले दगावतात हे अंदाजाने सांगावे लागते, ही गोष्ट कुणालाही सहज मान्य होऊ नये.

जनगणनेने मात्र एक दुखरी गोष्ट ठामपणे सांगितली. शून्य ते सहा वयोगटातल्या हजार मुलग्यांमागे मुली: जालन्यात २००१ मध्ये ९०३, २०११ मध्ये ८७०. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ चा. गर्भपाताचे रजिस्टर काहीही म्हणो, सात वर्षांनी शाळेच्या पटावर न आलेल्या मुली मोजता येतात.

दुष्काळी मुलखात आरोग्याचा अर्धा हिशेब महसुली दप्तरात असतो. आणेवारी, आताची पैसेवारी, ही मुळात पीक किती आले याची नजरेने केलेली पाहणी. ती ५० पैशांच्या खाली लागली तर सवलती. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्याच्या मोसंबीच्या बागा वाळून सरपणाला गेल्या. तेव्हा टँकरची संख्या हाच जिल्ह्याच्या हालाचा रोजचा आकडा होता. शेतकरी आत्महत्यांची नोंदही अशीच मदतीच्या अंगाने ठेवलेली: जिल्हा समिती प्रकरण पात्र की अपात्र ठरवते, पात्र ठरले तर घराला एक लाख रुपये. कर्ज, नापिकी, वसुलीचा तगादा, हे कागदावर दाखवता आले पाहिजे. आणि शेत सासऱ्याच्या नावावर असताना राबणाऱ्या सुनेने जीव दिला तर ती शेतकरी म्हणून मोजली जाणेच कठीण. कोविडच्या दोन वर्षांत अख्खे राज्य रोज संध्याकाळी आकड्यांची वाट पाहू लागले, तेव्हा आरोग्यमंत्री घनसावंगीचे राजेश टोपे होते. तेव्हाही जून २०२० मध्ये एकाच दिवशी १,३२८ मागचे मृत्यू राज्याच्या बेरजेत मिळवावे लागले. दप्तर मागे पडते, मृत्यू थांबत नाही.

सर्वांत अवघड मोजणी ऊसतोड कामगारांची. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या भागांतून दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात त्या पाडव्याच्या सुमारास परततात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता. बाईची वेगळी गणती तिथे नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची तपासणी झाली तेव्हा १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. इतक्या शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे होत होत्या आणि एकाही नियमित अहवालात त्या एकत्र दिसल्या नव्हत्या, कारण तो रकानाच नव्हता. फडावर जन्मलेल्या मुलाचा जन्म सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकात नोंदवायचा. एकवीस दिवसांच्या मुदतीत तोड थांबवून अनोळखी ग्रामपंचायतीत कोण जाणार? १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तर त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंतचा पुरावा केला आहे. गुरुजींचा १ जून आता चालणार नाही.

२०११ मध्ये जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९,५९,०४६ भरली. रेशनच्या धान्याचा इष्टांक अजून त्या जनगणनेवरच बेतलेला आहे. नंतर जन्मलेल्या मुलांसाठी कोट्यात जागा होते ती कुणाचे तरी नाव कमी झाल्यावर. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, आणि प्रत्यक्ष गणना नेहमीप्रमाणे त्याआधीच्या फेब्रुवारीत होईल. गाळप हंगाम तेव्हा भरात असतो. गणनेच्या संपूर्ण काळात जे गावी नसतात ते जिथे सापडतील तिथे मोजायचे, असा नियम आहे. म्हणजे घनसावंगीच्या टोळीची गणना एखाद्या साखर कारखान्याच्या तळावर व्हायची. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी ग्रामसेवकांनी कामगारांच्या गावनिहाय नोंदी करून ओळखपत्रे द्यायची असा निर्णय झालेला आहे. त्या याद्या आणि कारखान्यांच्या टोळ्यांच्या याद्या जानेवारी २०२७ च्या आत समोरासमोर ठेवल्या, तळावरच्या प्रगणकाच्या हातात दिल्या आणि सोबत फडावर जन्मलेल्या मुलांची नोंद करायला तिथलाच ग्रामसेवक बसवला, तर हे काम होण्यासारखे आहे. कायदा आहे, माणसे आहेत, नमुनेही छापलेले आहेत.